सोबतीला कोणीतरी हवं: बेळगाव भागात विशेष मुलांच्या पालकांचा गट कसा सुरू करावा, कसा चालवावा

माझा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा राहत नाही. तो तीन वर्षांचा असताना अपंगत्वाच्या दाखल्यासाठी त्याला कडेवर घेऊन मी एकटीच एका सरकारी कचेरीत गेले. खिडकीमागच्या माणसानं कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं आणि कागद परत दिले. काय चुकलं ते कळलं नाही, विचारायचं कसं तेही कळलं नाही. ‘मुंदिन वार बन्नी’ एवढे तीनच शब्द लक्षात राहिले. त्यांचा अर्थ ‘पुढच्या आठवड्यात या’, हे संध्याकाळी गल्लीतल्या अक्कांकडून समजलं. पुढच्या आठवड्यात रांगेत माझ्या पुढं एक बाई होत्या. त्यांच्या मुलीला डाउन सिंड्रोम. त्यांनी माझा अर्ज हातात घेतला, दोन रकाने रिकामे होते ते भरले, आणि स्वतःचं काम झाल्यावरही माझं होईपर्यंत थांबल्या. आमचा गट त्या दिवशी सुरू झाला असं मी मानते. पहिली बैठक मात्र त्यानंतर सात महिन्यांनी झाली.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागात ज्यांना असा गट सुरू करायचा आहे किंवा चालू गटात स्वयंसेवक म्हणून यायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गट म्हणजे भाषणं, सत्कार आणि फलक अशी बऱ्याच जणांची समजूत असते. आमच्या अनुभवात गटाचं मुख्य काम एकच: कुठल्याही आईला किंवा बापाला दवाखान्यात, शाळेत, कचेरीत एकटं जावं लागू नये. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

सुरुवात तीन-चार घरांपासून

पन्नास जण जमवायच्या मागं लागू नका. तीन-चार घरं पुरतात. ती कुठं सापडतील? फिजिओथेरपीच्या खोलीबाहेरच्या बाकावर, अंगणवाडी सेविकेच्या ओळखीत, आशाताईंच्या ओळखीत. खेड्यात ग्रामपंचायतीचे ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते असतात, त्यांना सगळे ‘व्हीआरडब्ल्यू’ म्हणूनच ओळखतात. तालुक्याला त्यांच्यावर ‘एमआरडब्ल्यू’, म्हणजे बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ते, असतात. दिव्यांग मुलं कुठल्या घरात आहेत हे त्यांना माहीत असतं. तालुक्याच्या बीआरसीमध्ये, म्हणजे शिक्षण खात्याच्या गट साधन केंद्रात, विशेष मुलांसाठी नेमलेले शिक्षक असतात, त्यांनाही भेटा.

इथं एक गोष्ट नीट सांभाळा. यांच्याकडं नावांची यादी मागू नका, दिली तरी घेऊ नका. आपला फोन नंबर आणि बैठकीची जागा त्यांच्याकडं द्या आणि ‘ज्यांना वाटेल त्यांनी फोन करू दे’ म्हणून सांगा. मूल घरात आहे हे गावाला कळू नये म्हणून धडपडणारी कितीतरी घरं आहेत. यादी घेऊन आपण दारात उभे राहिलो की ते दार कायमचं बंद होतं.

बोलावणं आलं तर घरी दोघींनीच जावं. सासूबाई असतील तर आधी त्यांच्याशी बोलावं, चहा घ्यावा, घाई करू नये. ‘कशानं झालं हे?’ असं कधी विचारू नका. त्या आईला हा प्रश्न शंभर जणांनी विचारलेला असतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या मागोमाग ‘ग्रहणात काही चिरलं होतंस काय?’ हेही आलेलं असतं. ग्रहणाचा या कशाशी संबंध नाही. सेरेब्रल पाल्सी जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरच मेंदूला झालेल्या इजेमुळं होते. डाउन सिंड्रोम बहुतेक वेळा एका जादा गुणसूत्रामुळं होतो. सासूबाईंसमोर हे शांतपणे, त्या आईची बाजू घेतोय असं न दाखवता सांगणारी एक व्यक्ती गटात असली पाहिजे. आमच्याकडं एक निवृत्त नर्सबाई हे काम करतात. त्यांच्या एका भेटीनं जे होतं ते आमच्या दहा बैठकांनी होत नाही.

जागा आणि वेळ

जागा तळमजल्यावरची बघा. व्हीलचेअर किंवा कडेवरचं मोठं मूल घेऊन जिना चढणं म्हणजे बैठकीला येऊ नका असं सांगण्यासारखंच आहे. शौचालय जवळ हवं. मंडळाची खोली, देवळाचा सभामंडप, शाळेचा वर्ग, अंगणवाडी, काहीही चालतं. आमची पहिली जागा वडगावात होती आणि शेजारी यंत्रमाग चालू असायचे. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या दोन मुलांना तो आवाज सहन होईना, कान झाकून ती रडत राहिली, आणि त्यांच्या आया पुढच्या महिन्यात आल्या नाहीत. आता जागा ठरवण्याआधी आम्ही तिथं अर्धा तास नुसतं बसून बघतो.

वेळ ठरवताना कॅलेंडरपेक्षा लोकांचा दिवस बघावा. जून-जुलैत खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत रोप लावण चालू असते, जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तर बाहेर पडू देत नाही. निपाणीकडं विडी वळणाऱ्या बायकांची रोजची मजुरी हजारावर ठरते, दुपार गेली की तेवढी मजुरी गेली. शहरात ज्या गल्लीत चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथली बाई पाण्याच्या दिवशी येणार नाही. महिन्यातून एकदा, दोन तास, शक्यतो एकाच वारी, एकाच जागी ठेवा. तालुक्याच्या बाजारदिवशी बैठक ठेवली तर बायका तसंही तालुक्याला येतात.

येण्याजाण्याचा खर्च हा मोठा अडसर होता. ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमधून बायकांना तिकीट लागत नाही, त्यानंतर आमच्याकडं खेड्यातल्या आयांची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली. पण त्यासाठी कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातून बेळगावला मूल घेऊन येणाऱ्या बायकांना ती सवलत नाही. त्यांच्या भाड्यासाठी गटाच्या डब्यातून थोडे पैसे बाजूला ठेवा आणि कुणाला दिले ते चारचौघांत बोलू नका.

पहिली बैठक

गोलात सतरंजीवर बसा. टेबल-खुर्ची, हार, प्रमुख पाहुणे यातलं काही नको. प्रत्येकीनं आधी मुलाचं नाव सांगावं, त्याला काय आवडतं ते सांगावं, मग स्वतःचं नाव. आजाराचं नाव सांगायची सक्ती नाही. पहिल्यांदा आलेली आई बरेचदा काहीच बोलत नाही. बोलली नाही तरी चालेल, असं तिला सुरुवातीलाच सांगा.

दुसरं म्हणजे, कुणी रडायला लागलं तर ‘रडू नका हो’ म्हणायचं नाही. पाणी पुढं करावं आणि थांबावं. आम्हा जुन्या आयांना सल्ला द्यायची फार घाई होते. ‘माझ्या पोराला हे केलं, तूही कर’ असं तोंडातून पटकन निघतं. आमच्याकडं नियम आहे: समोरची ‘काय करू?’ असं विचारेपर्यंत सल्ला द्यायचा नाही. हा नियम मी स्वतः कितीदा तरी मोडला आहे आणि प्रत्येक वेळी नवी आई गप्प होऊन बसलेली पाहिली आहे.

मुलांकडं बघायला दोन स्वयंसेवक वेगळे ठेवा. समाजकार्य शिकणारी कॉलेजची मुलं-मुली यासाठी येतात, पण एका मुलाबरोबर एक स्वयंसेवक बंद खोलीत असं कधीच ठेवू नका. दोघं, आणि दार उघडं.

बापमंडळी येत नाहीत ही सगळ्या गटांची तक्रार असते. त्यांना गोलात बसून मन मोकळं करायला बोलावलं तर ते येणार नाहीत. ‘अण्णा, रविवारी मुलांना चालायच्या सरावासाठी समांतर दांड्या बसवायच्या आहेत, या की’ म्हटलं तर चार जण येतात, आणि पाइप कापता कापता आपल्या लेकराविषयी बोलतात.

भाषेचं काय करायचं

आपल्या भागातली ही सगळ्यात मोठी अडचण आहे, म्हणून सविस्तर लिहिते. घरात मराठी, शाळेत किंवा थेरपिस्टकडं कन्नड, रिपोर्ट इंग्रजीत. बोलायला उशीर झालेल्या मुलाच्या आईला कुणीतरी हमखास सांगतं की घरात एकच भाषा बोला, मराठी सोडा. ती बिचारी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत मुलाशी बोलायला लागते, म्हणजे घरातलं बोलणंच कमी होतं. दोन भाषा कानावर पडल्यानं मूल बोलायला उशीर करत नाही. ऑटिझम असलेली मुलंही दोन भाषा शिकतात. आईला जी भाषा मनापासून येते तिच्यातच मुलाशी भरपूर बोलावं, गाणी म्हणावीत, कामं सांगावीत. हे प्रत्येक नव्या आईला पहिल्याच महिन्यात सांगा.

कचेरीच्या कामासाठी गटात कन्नड वाचता-लिहिता येणारे किमान दोघं हवेत. आणि बाकीच्यांनी अर्जावरचे नेहमीचे शब्द शिकून घ्यावेत, अवघड नाहीत. अर्जी म्हणजे अर्ज, हेसरू म्हणजे नाव, विळास म्हणजे पत्ता, हुट्टिद दिनांक म्हणजे जन्मतारीख, पोषकरू म्हणजे पालक, विकलचेतन म्हणजे दिव्यांग, स्वीकृती म्हणजे पोच. हे आम्ही एका पुठ्ठ्यावर देवनागरीत लिहून ठेवले आहेत, कन्नड अक्षरं शेजारी. बायका त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवतात.

याला जोडूनच एक विनंती. सीमाप्रश्नावर आपली प्रत्येकाची मतं आहेत, माझीही आहेत. ती बैठकीच्या दाराबाहेर ठेवा. आमच्या गोलात कन्नड बोलणाऱ्या आया आहेत, उर्दू बोलणाऱ्या आहेत. पहिल्या दिवशी मला अर्ज भरून देणाऱ्या बाई घरी कन्नडच बोलतात. बैठकीत ज्याला जी भाषा येते त्यानं ती बोलावी, शेजारचीनं हळूच सांगावं. वेळ दुप्पट लागतो. लागू दे.

कागदपत्रं आणि सोबत

प्रत्येक कुटुंबाची एक फाइल करायला लावा. जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड, सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमानं, आणि पहिल्या पानावर मुलाची एका पानाची माहिती: नाव, वय, निदान, चालू औषधं आणि त्यांचं प्रमाण, आकडी येते का, कशाला घाबरतो, कशानं शांत होतो. दर नव्या डॉक्टरपुढं तीच कहाणी पुन्हा सांगताना आया थकून जातात आणि महत्त्वाचं राहून जातं. ही फाइल घरच्यांकडंच राहते, गटानं ठेवून घ्यायची नाही.

पहिलं मोठं काम म्हणजे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व येतात, त्यात ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही आहेत. बऱ्याच पालकांना वाटतं की हातापायात दोष असेल तरच दाखला मिळतो. अर्ज ऑनलाइन असतो, खेड्यातल्या ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रात भरून मिळतो, मग सरकारी दवाखान्यात तपासणी होते. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक योजना लागू होतात. लहान मुलांची कार्डं बरेचदा ठरावीक मुदतीची असतात. मुदत संपायच्या तीन महिने आधी आठवण करून द्यायचं काम एका स्वयंसेवकाकडं सोपवा. कार्ड देशभर चालतं, पण मासिक पेन्शनसारख्या योजना राज्याच्या असतात आणि त्यांचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, जातो.

इथं आपल्या भागातला नेहमीचा घोळ सांगते. आईचं माहेर चंदगड किंवा गडहिंग्लजकडं, बाळंतपण तिकडं, बाळाचं आधार तिकडच्याच पत्त्यावर काढलेलं. पाच वर्षांनी इथल्या योजनेचा अर्ज भरताना बाळ महाराष्ट्राचं निघतं. म्हणून आधारचा पत्ता आणि नावाचं स्पेलिंग सगळ्यात आधी तपासा. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, शाळेत तिसरं असं झालं की प्रत्येक कचेरीतून परत यावं लागतं.

सोबत जाताना काय करायचं? आदल्या दिवशी फोन करून कागद मोजून घ्या, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. डबा, पाणी, मुलाचे जादा कपडे, औषध. कचेरीत आईच्या वतीनं बोलू नका, तिच्या शेजारी उभे राहा. तिला अडलं तर तेवढंच सांगा. साहेब लोक सोबतच्या शिकलेल्या माणसाकडं बघून बोलतात आणि आई परत मागं पडते. अर्ज दिला की स्वीकृती घेतल्याशिवाय हलायचं नाही. ‘नाळे बन्नी’, उद्या या, असं म्हणाले तर काय कमी आहे ते कागदावर लिहून द्यायला सांगा, आवाज न चढवता. हे सगळं एकदा सोबतीनं झालं की दुसऱ्या वेळी ती आई स्वतः जाते, आणि तिसऱ्या वेळी दुसऱ्या कुणाला घेऊन जाते.

शाळेसाठीही असंच. ६ ते १८ वर्षांच्या, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, आणि फार गंभीर अवस्थेत असलेल्या मुलाला घरी शिक्षण घेता येतं. शाळेत आपल्यातल्या कुणाला एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीवर, जाता आलं तर जरूर जा. मराठी शाळेची एसडीएमसी असेल तर उताराचा रस्ता, तळमजल्यावरचा वर्ग असे विषय तिथं मराठीतच मांडता येतात. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या निधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. ग्रामसभेत याविषयी विचारायला एकटीनं उठू नका. चार घरची माणसं बरोबर न्या.

स्वयंसेवकानं काय करू नये

औषध सुचवू नये, बंद तर मुळीच करायला सांगू नये. आकडीचं औषध मध्येच थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. बैठकीत कुणाला आकडी आली तर कांदा, चप्पल, किल्ली यातलं काही जवळ आणू नका. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन. प्रत्येक स्वयंसेवकाला हे पहिल्या दिवशी करून दाखवा.

‘पूर्ण बरं करतो’ म्हणणारे गटाच्या वासावर येतात. पत्रकं ठेवू द्या म्हणतात, मोफत शिबिर घेतो म्हणतात. दार बंद ठेवा. ऑटिझमसाठी स्टेम सेलच्या उपचारांची शिफारस करता येत नाही असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या समितीनं २०२२ मध्ये सांगितलं आहे, तरी आमच्यातल्या एका कुटुंबानं शेत गहाण ठेवून ते केले. गटात कुणीतरी आधी बोललं असतं तर, हा सल मला अजून आहे. नवस, देवऋषी याबाबत मात्र मी वाद घालत नाही. यल्लम्माला जाऊन या, पण थेरपी चुकवू नका, एवढं म्हणते.

मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. देणगीदार फोटो मागतात, त्यांना मुलांनी केलेल्या वस्तूंचा फोटो द्या. बैठकीत ऐकलेलं घरी नवऱ्यालाही सांगायचं नाही.

आणि सगळ्यात अवघड. ‘याला घेऊन विहिरीत उडी मारावी वाटते’ असं एखादी आई म्हणते. ते बोलण्याच्या भरात म्हटलंय असं समजून पुढं जाऊ नका. बाजूला बसा, सरळ विचारा, की खरंच तसं मनात आहे का, कधीपासून. विचारल्यानं विचार वाढत नाही, तिला बोलायला जागा मिळते. तिला एकटी सोडू नका, तिच्या विश्वासाच्या माणसाला बोलवा, डॉक्टरकडं स्वतः घेऊन जा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फोनवर भाषा निवडता येते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर गुपित पाळायचा नियम तिथं लागू होत नाही: मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि मदतीसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे.

पैसा आणि नोंदणी

पहिली एक-दोन वर्षं नोंदणीची गरज नाही. एक वही, एक डबा, आणि दर बैठकीत जमाखर्च मोठ्यानं वाचून दाखवायचा. पुढं देणग्या येऊ लागल्या की १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली जिल्हा निबंधकांकडं नोंदणी करता येते, त्यासाठी किमान सात सभासद लागतात, दरवर्षी हिशेब तपासून द्यावा लागतो. तो हिशेब सांभाळणारा माणूस मिळाल्याशिवाय नोंदणी करू नका. निवडणुकीच्या आधी व्हीलचेअर वाटायला येणाऱ्यांना मी सांगते, माप घेऊन व्हीलचेअर द्या, कार्यक्रम नको. त्यानंतरही जे देतात त्यांची घ्यावी.

अठरा वर्षं पूर्ण होताना

लहान मुलांच्या धांदलीत हे राहून जातं. मूल अठराचं झालं की कायद्यानं सज्ञान होतं, मग आईबाप त्याच्या वतीनं सही करू शकत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्व मिळतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ते देते. सतरावं लागलं की फाइल काढायला घ्या, आणि आपल्या मागं मुलाला कोण, हा प्रश्न त्याच वेळी भावंडांशी, काकांशी बोलून घ्या. आमच्या बैठकीत या विषयावर सगळ्यात जास्त शांतता पसरते, म्हणून वर्षातून एक बैठक आम्ही फक्त त्यासाठी ठेवतो.

माझी फाइल मी गेल्या महिन्यात काढली. डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, कचेरीत माझ्याबरोबर कोण येणार हे गटानं ठरवलं आहे: येळ्ळूरची एक तरुण आई, जिचं लेकरू चार वर्षांचं आहे. झेरॉक्स तिनंच काढून ठेवल्यात, प्रत्येकाच्या दोन.